आहार की औषध? : कुक्कुट व वराह आहारसंशोधनाच्या इतिहासातील एक न सुटलेला प्रश्न

जीवनसत्त्वांच्या शोधाचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः माणसाच्या रोगांची नावे घेतो. बेरीबेरी, मुडदूस, पंडुरोग या रोगांवर विजय मिळविणाऱ्या वैद्यांची व रसायनशास्त्रज्ञांची चरित्रे पाठ्यपुस्तकांतून वाचावयास मिळतात. तथापि या शोधांचे प्रत्यक्ष स्थळ अनेकदा रुग्णालय नसून कोंबड्यांचे खुराडे होते, ही बाब दुर्लक्षित राहते. १८८९ ते १९४८ या साठ वर्षांत कोंबडीच्या पिल्लाने मानवी आहारशास्त्राला जे दिले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्राण्याने दिले असेल. मात्र याच परंपरेतून १९४८ ते १९५० या काळात पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा जन्मास आली. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा आजचा प्रश्न ज्या कारणांनी वाढला, त्यांत या प्रथेची गणना होते. एकाच संशोधनपद्धतीतून हे दोन्ही कसे घडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या पद्धतीचे मर्म अगदी साधे आहे. पिल्लांचे दोन गट करावयाचे, एका गटाच्या खाद्यात एखादा पदार्थ घालावयाचा, दुसऱ्याच्या खाद्यात तो घालावयाचा नाही आणि काही आठवड्यांनी दोन्ही गटांचे वजन करावयाचे. ज्या गटाचे वजन अधिक, त्याच्या खाद्यात काहीतरी आवश्यक घटक होता असे मानावयाचे. उबवणीनंतर सुमारे चाळीस ग्रॅम भरणारे पिल्लू इतक्या वेगाने वाढते की आहारातील उणीव थोड्याच दिवसांत उघड होते. शिवाय पिल्ले स्वस्त आणि हवी तितकी मिळतात. वजनकाट्याच्या या साक्षीवर पुढील सारा इतिहास उभा आहे.

बटाव्हिया ते कोपनहेगन

आरंभ जावा बेटावर झाला, आणि तोही योगायोगाने. डच वसाहतीतील सैनिकांमध्ये बेरीबेरीची साथ पसरली असता तिच्या कारणाचा तपास करण्यासाठी १८८६ साली एक वैद्यकीय मंडळ बटाव्हियास (आजचे जाकार्ता) पाठविण्यात आले. त्यातील तरुण वैद्य ख्रिश्चन आइकमन मागे राहिले व तेथील प्रयोगशाळेचे संचालक झाले. हा रोग एखाद्या जंतूमुळे होतो अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. १८८९ साली प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. माणसाच्या बेरीबेरीशी या विकाराचे साम्य होते. आइकमन जंतू शोधीत राहिले, पण तो सापडला नाही. काही महिन्यांनी विकार आपोआप नाहीसा झाला. चौकशी करता कळले की, कोंबड्या सांभाळणारा नोकर काही काळ लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून शिजलेला पांढरा भात आणून त्यांना घालीत होता. पुढे नवा आचारी आला. लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देणे त्यास मान्य नव्हते. त्यामुळे कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासहित असलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. कारकुनी शिस्तीने विज्ञानाची इतकी मोठी सेवा केल्याचे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही.

पुढे १८९५-९६ मध्ये वोर्डरमन यांनी जावातील १०१ तुरुंगांची पाहणी केली. जेथे सडलेला पांढरा तांदूळ दिला जात असे तेथे बेरीबेरीचे प्रमाण फार मोठे आणि जेथे कोंडा राखलेला तांदूळ दिला जाई तेथे नगण्य, असे त्यांस आढळले. परंतु आइकमन यांचा स्वतःचा अर्थ वेगळा होता. भाताच्या पिठूळ भागात विषारी द्रव्य निर्माण होते व कोंडा त्याचा उतारा होय, असे ते मानीत. अमुक पदार्थाच्या ‘असण्याने’ नव्हे, तर ‘नसण्याने’ रोग होतो, हा विचार त्यांचे उत्तराधिकारी गेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये मांडला. याच कल्पनेस १९१२ साली काझिमिर फुंक यांनी ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले, आणि १९२६ मध्ये यान्सन व डोनाट यांनी बटाव्हियातच कोंड्यातून ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात आइकमन यांचा वाटा होता. ग्रेन्स मात्र त्यापासून दूर राहिले. आपल्याकडे हातसडीच्या व उकड्या तांदळाचे महत्त्व आजही सांगितले जाते, त्यामागचे शास्त्रीय कारण या खुराड्यातून आले आहे.

‘उणीव’ ही संकल्पना हाती येताच पिल्लाच्या वजनाला नवा अर्थ प्राप्त झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, स्टीनबॉक आदी संशोधकांनी १९२० च्या दशकात बंद जागेत वाढणाऱ्या पिल्लांच्या पायांतील दुर्बलतेचा अभ्यास केला. सूर्यप्रकाश किंवा कॉड माशाच्या यकृताचे तेल यांनी ती दूर होते असे दिसून आले. येथे एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. ड जीवनसत्त्व खाद्यातून देता येऊ लागल्यावर कोंबडीस अंगणाची व उन्हाची गरज उरली नाही. ती बाराही महिने छपराखाली, हजारोंच्या संख्येने वाढविणे शक्य झाले. आधुनिक कुक्कुटपालनाची चर्चा करताना आपण यंत्रे व भांडवल यांचा विचार करतो. परंतु कोंबडीला घरात कोंडण्याची मुभा आहारशास्त्राने दिली, हे विसरता कामा नये.

कोपनहेगनला हेन्रिक डाम १९२९ पासून कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. त्यासाठी ते पिल्लांना स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य देत. त्या पिल्लांच्या त्वचेखाली व स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला आणि त्यांचे रक्त गोठेनासे झाले. ज्ञात जीवनसत्त्वांपैकी कशानेही हा दोष दूर होईना. १९३५ मध्ये डाम यांनी नवे जीवनसत्त्व घोषित केले व रक्त गोठण्याच्या क्रियेवरून त्यास ‘के’ हे अक्षर दिले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अल्मक्विस्ट व त्यांचे तरुण सहकारी स्टोकस्टॅड हे लसूणघासावरून त्याच निष्कर्षास पोहोचले होते. परंतु त्यांचा निबंध डाम यांच्यानंतर थोड्याच आठवड्यांनी प्रसिद्ध झाला. आज आपल्या प्रसूतिगृहांत नवजात बालकास के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाते, त्याचे मूळ या रक्तस्रावी पिल्लांत आहे. स्टोकस्टॅड हे नाव मात्र ध्यानात ठेवावे, कारण या कथेच्या पुढील वळणावर त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

मुंबईचा धागा

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. १९२८ साली लुसी विल्स ही ब्रिटिश वैद्यक संशोधिका गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या तीव्र पंडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आली. गिरणगावातील गरीब कामकरी स्त्रियांमध्ये हा विकार विशेष होता. त्यांच्या निकृष्ट आहारासारखा आहार प्रयोगशाळेतील प्राण्यांना देऊन तिने तोच विकार उत्पन्न केला आणि यीस्टपासून बनविलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो हे दाखविले. तिचे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. या अज्ञात घटकास पुढे ‘विल्स घटक’ असे म्हटले जाऊ लागले.

तोच घटक अमेरिकेत वेगळ्या नावांनी वावरत होता. पिल्लांना होणारा एक पंडुरोग यकृताच्या अर्काने बरा होतो, असे १९४० च्या सुमारास मिसुरी येथील हॉगन व पॅरट यांनी दाखविले होते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळालेल्या अशाच द्रव्यास ‘फॉलिक ॲसिड’ हे नाव मिळाले. न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड १९४१ साली व पिल्लांच्या आहाराचे अभ्यासक टॉमस जुक्स १९४२ साली दाखल झाले. तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून आलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. १९४५ मध्ये या गटाने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले. गिरणगावातील बाळंतिणी, मिसुरीतील पिल्ले आणि भीमवरम येथे जन्मलेला एक संशोधक यांना जोडणारी ही साखळी आपल्या इतिहासलेखनात यापेक्षा अधिक जागेस पात्र आहे.

शेणातील घटक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मासळीची कुटी व मांसाची भुकटी दुर्मीळ झाली. अमेरिकेतील पशुपालक सोयाबीनच्या पेंडीकडे वळले. कच्च्या सोयाबीनवर प्राणी नीट वाढत नाहीत व भाजल्यावर वाढतात, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखविले होते. त्यामुळे पेंड तापवून वापरण्याची रीत रूढ झालेली होती. तरीही केवळ मका व सोयाबीन यांवर ठेवलेल्या कोंबड्यांची अंडी नीट उबत ना, पिल्ले खुरटत व मरत. डुकरांची पिलेही अशा खाद्यावर मागे पडत. मासळीत असे काहीतरी होते जे वनस्पतीत नव्हते. त्यास ‘प्राणिज प्रथिन घटक’ असे नाव देण्यात आले.

हा घटक कोठे सापडावा? मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्रात असे आढळले की, खाद्यात गाईच्या वाळलेल्या शेणाची भुकटी मिसळली असता पिल्ले वाढीस लागतात. कोंबड्यांच्या घरातील जुन्या गादीतही तो घटक असे. कारण सूक्ष्मजीव तो तयार करीत होते. उकिरड्यावर चरणाऱ्या गावठी कोंबडीला तो फुकट मिळत होता.

इकडे वैद्यकशास्त्र याच द्रव्याच्या मागे होते. मायनॉट व मर्फी यांनी १९२६ मध्ये घातक पंडुरोगाच्या रुग्णांना यकृत खावयास घालून वाचविले होते. पण यकृतातील कार्यकारी अंश ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी रुग्ण लागे. ही अडचण मेरी शॉर्ब यांनी दूर केली. युद्धानंतर सैनिक परतल्यावर त्यांना सरकारी नोकरीतून कमी करण्यात आले होते. एका विशिष्ट जिवाणूच्या वाढीस यकृताचा अर्क लागतो, हे त्यांच्या ध्यानी आले होते. मेरीलँड विद्यापीठाच्या कुक्कुटशास्त्र विभागात त्यांनी त्यावरून परीक्षणाची पद्धत बसविली. मर्क कंपनीच्या संशोधकांनी तिच्या साहाय्याने १९४८ च्या आरंभी लाल स्फटिक वेगळे केले, व त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टर स्मिथ यांसही यश आले. हेच ब-१२ जीवनसत्त्व. प्राणिज प्रथिन घटकाचा मुख्य अंश तोच होता. एका वयस्क रुग्णाचा घातक पंडुरोग आणि सोयाबीनवर खुरटलेले पिल्लू, दोघांची गरज एकच निघाली. पिल्लाच्या वजनाने दिलेली ही सर्वांत मोठी साक्ष म्हणावी लागेल.

नाताळ १९४८

ब-१२ सूक्ष्मजीव तयार करीत असल्याने ते प्रतिजैविकांच्या कारखान्यातील टाकाऊ मळीतही सापडते, हे लवकरच कळले. लेडर्लीमध्ये बेंजामिन डगर यांनी मातीतील एका जीवापासून ‘ऑरिओमायसिन’ हे पिवळे प्रतिजैविक मिळविले होते व १९४८ मध्ये ते प्रसिद्ध केले होते. त्याच्या उत्पादनातून उरणारा चोथा फुकट जात असे. यकृत महाग होते, म्हणून जुक्स व स्टोकस्टॅड यांनी हा चोथा पिल्लांना देऊन पाहिला. १९४८ च्या नाताळच्या सुटीत जुक्स यांनी पिल्लांचे वजन केले तेव्हा चोथा खाल्लेली पिल्ले सर्वांत जड भरली. ती यकृताचा अर्क मिळालेल्या पिल्लांहूनही जड होती. केवळ ब-१२ मुळे इतकी वाढ होणे शक्य नव्हते.

येथे त्यांनी जो अर्थ लावला तो परंपरेस धरूनच होता. आणखी एक अज्ञात पोषक घटक असावा, असे त्यांस वाटले. १९४९ च्या त्यांच्या निबंधात प्राणिज प्रथिन घटक एक नसून अनेक असल्याचे मांडले आहे. साठ वर्षे ज्या काट्याने खरे उत्तर दिले, त्यावर अविश्वास दाखविण्याचे त्यांना कारण नव्हते. १९५० पर्यंत मात्र स्पष्ट झाले की, हा ‘घटक’ म्हणजे ऑरिओमायसिनच होय. टनभर खाद्यात शुद्ध औषधाचे काही ग्रॅम पुरेसे होते. डुकरांवरील परिणाम तर अधिक ठळक होता. फ्लोरिडा व आयोवा येथील संशोधकांना पाठविलेल्या नमुन्यांनी हगवणीने खंगलेली पिले सुधारली व झपाट्याने वाढली. एप्रिल १९५० मध्ये ही वार्ता न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली.

वस्तुतः असेच निरीक्षण विस्कॉन्सिनमध्ये १९४६ साली नोंदविले गेले होते. आतड्यातील जिवाणू कमी करण्यासाठी दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने पिल्लांची वाढ अधिक झाली होती. पण त्या संशोधकांचा प्रश्न निराळा होता, म्हणून ती नोंद तशीच पडून राहिली. तीच गोष्ट औषध कंपनीत घडताच तिला बाजार मिळाला, एवढाच काय तो फरक.

प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासाची कळ येथे आहे. वजनकाटा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. उणीव भरून निघाल्याने वाढलेले वजन व जंतू दबल्याने वाढलेले वजन यांत काट्याला भेद करता येत नाही. परंतु शोध आहारशास्त्राच्या शाखेत लागल्यामुळे औषधाची गणना जीवनसत्त्वांच्या पंक्तीत झाली. त्याचे परिणाम केवळ शब्दांपुरते राहिले नाहीत. १९५१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून ते खाद्यात मिसळण्यास अनुमती दिली. ब्रिटनने १९५३ च्या कायद्याने डुकरे व कोंबड्यांच्या खाद्यासाठी तशीच सवलत दिली. रुग्णाला जे चिठ्ठीशिवाय मिळत नव्हते, ते खाद्याच्या पोत्यातून मोकळेपणी मिळू लागले.

हे औषध पोषक नव्हे, याचे पुरावे फार काळ लपून राहिले नाहीत. इंग्लंडमधील रीडिंग येथे मेरी कोट्स व सहकाऱ्यांना आढळले की, नव्या, स्वच्छ घरात वाढविलेल्या पिल्लांवर प्रतिजैविकाचा परिणाम जवळजवळ होत नाही. १९६३ मध्ये त्यांनी पूर्णपणे जंतुरहित वातावरणात पिल्ले वाढविली आणि त्यांच्या वाढीत पेनिसिलिनने काहीही फरक पडला नाही. खरे जीवनसत्त्व असते तर जंतू असोत वा नसोत, त्याची गरज भासलीच असती. म्हणजे प्रतिजैविक आहारातील उणीव भरून काढीत नव्हते; दाटीच्या व अस्वच्छ घरांची किंमत झाकीत होते.

प्रतिरोधाची सूचना तर याहून आधीची आहे. स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या टर्की पक्ष्यांत त्या औषधास न जुमानणारे जिवाणू वाढल्याचे १९५१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पुढे ब्रिटनमध्ये वासरांपासून पसरलेल्या प्रतिरोधी साल्मोनेलाचा अँडरसन यांनी पाठपुरावा केला व १९६९ च्या स्वान समितीने मानवी उपचारात उपयोगी असलेली प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात वापरू नयेत अशी शिफारस केली. १९७६ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी सुमारे ३०० पिल्ले एका शेतावर ठेवून, त्यांपैकी काहींच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातले. प्रतिरोधी जिवाणू प्रथम पिल्लांत आणि सुमारे सहा महिन्यांत शेतावरील कुटुंबातील माणसांतही आढळले. स्वीडनने १९८६ साली या वापरावर बंदी घातली, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून, अमेरिकेने २०१७ पासून. पहिल्या सूचनेपासून युरोपीय बंदीपर्यंत पंचावन्न वर्षे लोटली. जुक्स १९९९ मध्ये निवर्तले. ते अखेरपर्यंत या वापराचे समर्थन करीत राहिले. स्वस्त अंडी व मांस यांमुळे सामान्य माणसाला प्रथिने परवडू लागली, हा त्यांचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ होता असे म्हणता येत नाही.

भारताला हे शास्त्र तयार स्वरूपात मिळाले. १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना झाली, आणि त्यानंतरच्या काळात मका व सोयाबीन पेंडीवर आधारलेले कुक्कुटपालन महाराष्ट्रात झपाट्याने वाढले. मराठवाडा-विदर्भातील सोयाबीनला जो भाव मिळतो, त्यामागे कोंबडीच्या खाद्याची मागणी हे एक मोठे कारण आहे. बेल्ट्सव्हिलमध्ये ज्या खाद्यावर पिल्ले मरत होती, तेच खाद्य ब-१२ च्या जोडीने आज येथील शेकडो गावांचे अर्थकारण पेलते आहे. पण त्याबरोबर प्रतिजैविकेही आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी डुकरांमध्ये एक जनुक आढळल्याचे जाहीर केले. हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते व कोलिस्टिन निष्प्रभ करते. अतिदक्षता विभागात इतर औषधे हरल्यावर वापरावयाचे हे औषध वर्षानुवर्षे डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी त्याचा वापर थांबविला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत त्याच्या वापरास बंदी केली.

आहार व औषध यांच्यामधील रेघ यानंतर स्पष्ट झाली असे मात्र नाही. जस्ताचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९५५ मध्ये अलाबामातील टकर व सॅमन यांनी डुकरांच्या त्वचेचा एक विकार जस्ताच्या उणिवेमुळे होतो हे सिद्ध केले. सोयाबीन व धान्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते, म्हणून खाद्यात ते असूनही जनावरास मिळत नाही. थोड्याच वर्षांनी मूळचे बिहारचे आनंद प्रसाद यांनी इराण व इजिप्तमध्ये खुरटलेल्या तरुणांत जस्ताची उणीव दाखविली. म्हणजे डुकराच्या गोठ्याने पुन्हा एकदा माणसाला ज्ञान दिले. परंतु युरोपात प्रतिजैविके खाद्यातून गेल्यावर, आईपासून तोडलेल्या पिलांची हगवण रोखण्यासाठी झिंक ऑक्साइडचा आधार घेतला जाऊ लागला. पोषणासाठी किलो खाद्यामागे १५० मिलिग्रॅमपर्यंत जस्त पुरते, तेथे २५०० मिलिग्रॅम दिले जाऊ लागले. पिलांचे वजन वाढले. जमिनीत जस्त साचू लागले, आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू निवडले जाण्यास त्याचीही मदत होते असे दिसून आले. जून २०२२ मध्ये युरोपीय संघाने हा औषधी वापर थांबविला. पोषणापुरते जस्त खाद्यात राहिले.